यादीवर ‘बंद’ लिहिलंय म्हणून पोकलेन भंगारात घालू नका

सावंतवाडीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. मामांची हिताची ईएक्स२००-३ पोकलेन आहे, जपानमधून वापरलेली आलेली. गोव्यात साखळीच्या बाजूला खाणीवर चालायची. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये तिथलं उत्खनन थांबलं, तेव्हापासून मशीन उघड्यावर उभं आहे. आता ते चिरेखाणीच्या मातीकामाला आणि शेततळ्यांना लावायचं आहे. एका स्पेअर्सवाल्याकडे यादी दिली, तर त्याने चार ओळींसमोर ‘बंद’ लिहून परत केली: पंपाचे पिस्टन आणि ब्लॉक (पिस्टन ज्यात सरकतात तो ठोकळा), पंपाचा कंट्रोलर, स्विंग मोटरचा (वरचा भाग फिरवणाऱ्या मोटरीचा) ब्लॉक आणि सेंटर जॉइंटचं (वरून खाली ट्रॅककडे तेल नेणाऱ्या फिरत्या जोडाचं) सील किट. मशीन दुरुस्त करावं की विकून टाकावं, आणि दुरुस्त करायचं तर हे पार्ट आणायचे कुठून?

तुमच्या यादीतल्या या चारही गोष्टी मिळतात, दुरुस्त होतात किंवा बनवून घेता येतात. ‘बंद’ याचा अर्थ त्या नंबरची पेटी आता त्या दुकानदाराच्या पुरवठादाराकडून येत नाही, एवढाच. वस्तू दुसऱ्या नंबराने, दुसऱ्या नावाने किंवा दुसऱ्या मशीनच्या यादीत बऱ्याचदा जिवंत असते. मात्र पार्ट शोधायला निघण्याआधी मशीनच्या ज्या तीन-चार जागा बघायला हव्यात, त्या तुमच्या यादीत कुठेच नाहीत. मशीन घ्यायचं की सोडायचं हे त्या जागा ठरवतात. म्हणून तिथूनच सुरू करतो.

सर्वात आधी, इंजिनाला सेल्फ मारू नका. इतके पावसाळे उघड्यावर काढलेल्या मशीनच्या सायलेन्सरमधून पाणी थेट सिलिंडरपर्यंत गेलेलं असू शकतं, आणि हायड्रॉलिक टाकीत ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या तोंडातून) ओल शिरलेली असतेच. टाकीच्या तळाचा प्लग सावकाश सैल करा आणि पहिलं जे येईल ते काचेच्या बरणीत धरा. आधी पाणी, मग दुधाळ तेल, मग स्वच्छ तेल, असा क्रम दिसला तर पाणी खाली बसलेलं आहे आणि पंप कदाचित वाचला आहे. सगळंच दुधाळ असेल तर मशीन कोणीतरी मध्ये चालू करून पाणी सगळ्या लाइनमध्ये फिरवलंय, असं धरून चला. मग व्हॉल्व्हचे स्पूल (आत सरकणारे दांडे) आणि मोटरींची बेअरिंगं उघडून बघण्याला पर्याय नाही.

दुसरी जागा स्विंग बेअरिंग, म्हणजे वरचा सगळा भाग ज्यावर फिरतो ती मोठी रिंग. तिच्या आतल्या दात्यांना ग्रीसचं कुंड असतं. वरचं तपासणीचं झाकण काढून आत हात घाला. ग्रीस पांढरट पडलं असेल, वर पाणी साचलं असेल, तर बेअरिंगच्या गोळ्यांचा मार्ग गंजलेला असण्याची शक्यता मोठी. इंजिन बंद असतानाही ढिलेपणा मोजता येतो. ट्रॅक फ्रेमवर मॅग्नेट बेसने डायल गेज लावा, त्याची सुई वरच्या फ्रेमच्या खालच्या पत्र्याला टेकवा आणि बूमच्या (मोठ्या हाताच्या) बुंध्याखाली मोठा जॅक लावून वरचा भाग नुसता सैल होईपर्यंत उचला. काटा किती सरकतो ते लिहून घ्या, मग हेच काउंटरवेटच्या (मागच्या वजनाच्या) बाजूने करा. एखाद मिलिमीटर सरकला तर बेअरिंग छान आहे. तीन मिलिमीटरच्या घरात गेला तर ते संपलं. नवीन स्विंग बेअरिंग आणि वरचा भाग उतरवायची क्रेन हा खर्च एकट्यानेच तुमचा सगळा हिशेब फिरवू शकतो.

तिसरी जागा म्हणजे सांगाडा. बूमचा बुंधा, आर्म सिलिंडरच्या ब्रॅकेटची मुळं, आणि खाली मधल्या फ्रेमला जिथे ट्रॅक फ्रेम जोडलेली असते ते कोपरे. वायर ब्रश मारून रॉकेलचा बोळा फिरवा, पुसून काढा, वर खडूची पूड लावून अर्धा तास थांबा. तडा असेल तर आतलं रॉकेल खडूत ओली रेघ काढून दाखवतं. बूमवरचा तडा नीट खाचून, गरम करून, योग्य रॉडने भरला तर टिकतो. मधल्या फ्रेमला स्विंग बेअरिंगच्या बोल्टांजवळ तडे दिसले तर मी मशीनमालकाला हात जोडून सांगतो की यात पैसे घालू नका. खाणीवर चाललेल्या मशीनमध्ये ही जागा कधीच गृहीत धरू नये.

चौथी जागा सिलिंडरचे रॉड. मशीन उभं करताना जे रॉड बाहेर राहिले, त्यांचा क्रोम समुद्राकडच्या हवेत फोडांसारखा उठतो. नखाने चाचपून बघा. नख अडकलं की तो रॉड नवं सील आठवड्यात फाडणार. हा खर्च मात्र घाबरण्यासारखा नाही. क्रोम केलेले इंडक्शन हार्ड रॉड मिलिमीटरच्या मापात बारने मिळतात आणि होन केलेली नळीही मिळते. जुन्या रॉडचा डोळा कापून नव्या बारवर वेल्ड करून देणारे कसबी लोक कोल्हापूर, पुणे, नाशिक कुठल्याही एमआयडीसीत सापडतात.

स्विंग बेअरिंग आणि मधली फ्रेम, या दोन्ही चांगल्या निघाल्या तर मशीन दुरुस्त करा. मधली फ्रेमच तडकलेली निघाली तर मशीनचं इंजिन, पंप, मोटरी आणि मेन व्हॉल्व्ह काढून ठेवा. तेच कुणाच्या तरी दुसऱ्या ईएक्स२०० ला जीवदान देतील, आणि भंगाराच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त किंमत तुम्हाला मिळेल.

आता तुमची यादी.

पोकलेनवर एकाच कंपनीचं नाव असतं, पण आतले बरेच भाग वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले असतात. तुमच्या मशीनचं इंजिन इसुझूचं, ६बीडी१ घराण्यातलं: १०२ मिलिमीटर बोअर, ११८ स्ट्रोक, ५.८ लिटरच्या आत. मेन पंप हिताचीच्या एचपीव्ही मालिकेतला, तुमच्या मॉडेलला एचपीव्ही०९१. या काळातल्या अनेक जपानी आणि कोरियन २० टनी मशीनमध्ये स्विंग मोटर कावासाकीची, एम२एक्स मालिकेतली असते. बेअरिंगं एनएसके, एनटीएन, कोयो यांची, सीलं बहुधा एनओकेची. मशीन बनवणाऱ्या कंपनीने त्या सगळ्यांवर आपापला नंबर चिकटवला. तो नंबर यादीतून निघाला तरी मूळ बनवणाऱ्याचा नंबर चालू असतो, किंवा त्याची बरोबरी करणारा दुसरा कोणीतरी ती वस्तू बनवत असतो. म्हणून पार्ट नंबर घेऊन दुकानं पालथी घालण्याआधी ती वस्तू कुणी बनवली ते शोधा.

यासाठी प्लेट वाचावी लागते, आणि प्लेट वाचण्यात लोक फार घाई करतात. पंपावर, मोटरवर ग्रीस-मातीचा जो थर असतो तो पत्र्याने खरवडू नका आणि वायर ब्रशही मारू नका, कारण ॲल्युमिनियमच्या प्लेटवरची अक्षरं फार उथळ असतात. डिझेलात भिजवलेलं फडकं तासभर तिच्यावर ठेवा, मग मऊ दातांच्या जुन्या टूथब्रशने थर उचला. अक्षरं तरी दिसली नाहीत तर वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा, अंक कागदावर उठतात. टॉर्च समोरून न मारता बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला लागून धरून फोटो काढा. ८ आणि ३, बी आणि ८ यांत झालेली एक गफलत म्हणजे दिल्लीहून आलेला चुकीचा ब्लॉक. प्लेटच नसेल तर कास्टिंगवर उठावाचे अंक असतात. तो पार्ट नंबर नसतो, साच्याचा नंबर असतो. पण जाणकार विक्रेता त्यावरूनही घराणं ओळखतो.

मशीनचा सीरियल नंबर मुख्य फ्रेमवर ठोकलेला असतो, तोही लिहून घ्या. एकाच मॉडेलमध्ये मध्येच पंप, व्हॉल्व्ह, वायरिंग बदललेलं असतं आणि पार्ट्स कॅटलॉगमध्ये ‘या सीरियलपासून पुढे’ असा भेद दिलेला असतो. ‘ईएक्स२०० चा पंप द्या’ असं म्हणणाऱ्याला तीन वेगवेगळे पंप मिळू शकतात: पहिल्या ईएक्स२०० ला एचपीव्ही११६, तुमच्या पिढीला एचपीव्ही०९१, आणि नंतरच्या -५ ला एचपीव्ही१०२. बाहेरून बघणाऱ्याला ते भाऊ वाटतील, आतला एकही पिस्टन एकमेकांत बसणार नाही.

नंबर वाचायला शिकलात की अर्धी बाजारपेठ आपोआप उघडते. कोमात्सूचं उदाहरण सोपं आहे. त्यांच्या यादीत ०७००० ने सुरू होणारा नंबर म्हणजे प्रमाणित मापाची ओ-रिंग, ०१०१० म्हणजे साधा बोल्ट. २०वाय म्हणजे पीसी२०० वर्गाच्या मशीनचा स्वतःचा भाग, ७०८ म्हणजे पंप-मोटरकडची वस्तू. आपल्याकडच्या पुष्कळ पीसी२००-६ मध्ये जे ६डी१०२ इंजिन असतं ते कमिन्सच्या बी मालिकेतल्या ५.९ लिटर इंजिनाचंच भावंड. तेच घराणं टाटा कमिन्सने जमशेदपूरला ट्रकसाठी बनवलं. म्हणून त्या मशीनचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह ट्रकच्या स्पेअर्सच्या दुकानात मिळतात. फ्लायव्हील हाउसिंग, पुढचा गिअर केस, डिझेल पंप यांत मात्र फरक असू शकतो, तिथे माप जुळवूनच घ्यावं. त्यातही सुरुवातीच्या काही पीसी२००-६ मध्ये ६डी९५ इंजिन आहे, त्याचा ट्रकशी काही संबंध नाही. म्हणून तिथेही आधी प्लेट, मग दुकान.

तुमच्या इसुझूला अशी ट्रकची सोय आपल्याकडे नाही. पण ६बीडी१ जगभर इतक्या मशीनमध्ये बसलंय की लायनर-पिस्टनचे संच, गॅस्केट, बेअरिंग जपान, तैवान आणि चीनमधून येतात आणि दिल्ली-मुंबईचे आयातदार ते ठेवतात. इसुझूचा पार्ट नंबर दहा अंकी असतो. दुकानदाराने सांगितलेला हिताचीचा सात अंकी नंबर आणि हा दहा अंकी नंबर एकाच वस्तूचे असू शकतात, दोन्ही विचारा. डिझेल पंप डिझेल किकीचा असेल किंवा झेक्सेलचा. १९९० मध्ये त्याच कंपनीने नाव बदललं आणि पंप मूळ बॉशच्या परवान्यावरचा. तुमच्या जवळच्या शहरातला चांगला मायको (बॉशचं आपल्याकडचं जुनं नाव) पंपवाला त्याचे प्लंजर, डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि नोझल नंबरावरून काढून देईल. क्रँक शाबूत असेल तर हे इंजिन ठेवाच. ‘त्यात लेलँड टाका’ असा सल्ला तुम्हाला चौकाचौकात मिळेल. इंजिन बसतं, पण पंपाचं कपलिंग, फेरे आणि टॉर्क यांचं गणित जुळवताना लोक थकतात, आणि पुढे मशीन विकताना भाव पडतो तो वेगळाच.

आता यादीतली सर्वात महाग ओळ, पंप. एचपीव्ही०९१ हा वाकड्या अक्षाचा पंप आहे. कावासाकी के३व्ही किंवा कोमात्सूच्या पंपात तिरक्या थाळीवर चपलांसारखे शू सरकतात, तसं यात नाही. यात दोन फिरते संच शेजारी-शेजारी, प्रत्येकात सात पिस्टन. पिस्टनच्या डोक्याला बारीक रिंगा, दुसऱ्या टोकाला गोळा, आणि तो गोळा शाफ्टच्या वाटीत बसलेला. ब्लॉक ज्या व्हॉल्व्ह प्लेटवर फिरतो ती प्लेट सपाट नसून भिंगासारखी गोलाईत असते. हे सगळं सांगतोय ते एका कारणासाठी. गावोगावी पंप ‘लॅप’ करून देणारे लोक ब्लॉकचं तोंड काचेवर एमरी पेस्ट टाकून घासतात. सपाट तोंडाच्या मोटरींना सरफेस प्लेटवर ते चालतं. गोलाईच्या तोंडाला तसं घासलं की मधला भाग टेकतो, कडेने तेल सुटतं आणि पंप गरम झाल्यावर मशीन मरगळतं. गोलाई असलेली जोडी एकमेकांवरच लॅप करायची, आणि कायम जोडी म्हणूनच वापरायची. जुन्या ब्लॉकवर नवी प्लेट किंवा उलट, असा अर्धा सौदा कधीच करू नका.

उघडल्यावर बघायचं काय? प्लेटवर बोटाने सापडेल अशी गोल खाच. पिस्टनच्या रिंगा अडकल्यात की मोकळ्या फिरतात. गोळा वाटीत हलतो का: पिस्टन धरून वर-खाली खेचा, हाताला टकटक जाणवली तर ती वाटी गेली. बेअरिंगवर गंजाचे ठिपके आहेत का. बेअरिंग हाताला कितीही मऊ फिरलं तरी एक ठिपका दिसला की ते काढा. पंपाचं बेअरिंग फुटतं तेव्हा एकटं फुटत नाही, सगळा संच घेऊन जातं.

आतल्या सुट्या भागांचे संच एचपीव्ही०९१ साठी आजही पर्यायी उत्पादक बनवतात: पिस्टन, ब्लॉक, प्लेट, मधला शाफ्ट, बेअरिंग. दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो. विकत घेताना पिस्टनचा व्यास मायक्रोमीटरने सातही जागी मोजा. सातांत आपसात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा फरक निघाला तर संच परत करा. ब्लॉकच्या भोकात पिस्टन तेल लावून सोडला तर तो स्वतःच्या वजनाने सावकाश उतरला पाहिजे. धाडकन पडायला नको आणि अडकायलाही नको. दुसरा मार्ग म्हणजे कटिंगच्या, म्हणजे सुटे भाग विकायला तोडलेल्या, मशीनचा अख्खा पंप. त्याचा शाफ्ट हाताने फिरवून बघा, पोर्टमधून टॉर्च मारून आतले डाग बघा, आणि केसच्या तळातलं तेल कापडावर ओतून उन्हात धरा. पिवळी चमक दिसली तर तिथून निघा.

कंट्रोलरबद्दल लोक उगीच हाय खातात. या मशीनमध्ये पंपाच्या कोनाचा सेन्सर, दाबातला फरक मोजणारा सेन्सर आणि पंपावरचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह यांच्यामध्ये एक डबा बसलेला आहे, जो सतत कोन वाचून सोलेनॉइडला उघडझाप करायला लावतो. मशीन हळू चाललं की पहिला आळ त्या डब्यावर येतो. पण कोकणातल्या आणि गोव्यातल्या मशीनमध्ये डब्याच्या आधी कनेक्टर मरतात. प्लगच्या पिनांवर हिरवी बुरशी चढलेली असते. प्रत्येक प्लग उघडा, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, वाकलेल्या पिना सरळ करा आणि मल्टिमीटरने सेन्सरच्या वायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासा. अर्थिंगचे बोल्ट सोडवून पत्रा चकचकीत करून परत आवळा. त्यानंतरही दोष राहिला तर डबा एखाद्या औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडे न्या. इतक्या जुन्या बोर्डात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकलेले असतात आणि सोल्डर तडकलेलं असतं. दोन्ही कामं हाताने होणारी आहेत. कार दुरुस्त करणाऱ्यापेक्षा सीएनसी मशीनचे ड्राइव्ह दुरुस्त करणारा माणूस यासाठी बरा. पुणे-भोसरीत असे बरेच आहेत.

सगळं करून डबा नाहीच जमला, तर मूळ पंप काढून यांत्रिक रेग्युलेटरचा के३व्ही११२ पंप बसवण्याचे तयार संच बाजारात आहेत आणि मशीन त्यावर चालतं. मी हा रस्ता शेवटी ठेवतो. एकदा वायरिंग कापलं की परतीची वाट बंद होते, आणि मूळ पंपाच्या मापाने बनवलेला मेन व्हॉल्व्ह दुसऱ्या पंपाशी पूर्ण जुळतोच असं नाही. बूम आणि स्विंग एकत्र मारताना ते ऑपरेटरला कळतं.

स्विंग मोटरचा ब्लॉक: प्लेट वाचा, कावासाकीचा मोटर नंबर पूर्ण लिहा, शेवटच्या अक्षरांसकट. त्या मालिकेचे आतले भाग इतक्या मशीनना लागतात की अजून भरपूर बनतात.

सेंटर जॉइंटचं सील किट हे तर ‘बंद’ म्हणण्यासारखं प्रकरणच नाही. इथे एकच नियम पाळा: जुनं सील मोजू नका, खाच मोजा. जुनं सील तेलाने फुगलेलं, दाबाने चपटं झालेलं असतं. त्याच्या मापाने केलेलं नवं सील पहिल्या दिवसापासून चुकीचं असतं. खाचेची रुंदी, खोली, शाफ्टचा आणि हाउसिंगचा व्यास, दाब किती आणि फिरतं की स्थिर, एवढं लिहून दिलं की पॉलियुरेथेन किंवा टेफ्लॉनचं सील सीएनसी लेथवर कातून देणारे आता मोठ्या शहरांत आहेत. साचा लागत नाही, एक नग सुद्धा करून देतात. सेंटर जॉइंटच्या आतल्या भागावर सीलांनी खाचा पाडल्या असतील तर मात्र आधी ग्राइंडिंग आणि क्रोम, मग सील.

ओ-रिंगांबाबत एक बारकावा सांगतो, कारण जपानी मशीनच्या गळत्या बऱ्याचदा इथून येतात. जपानी पी मालिकेत जाडी १.९, २.४, ३.५, ५.७ आणि ८.४ मिलिमीटर अशी जाते. दुकानात पटकन मिळणाऱ्या इंची मालिकेत ती १.७८, २.६२, ३.५३, ५.३३ अशी आहे. ३.५ च्या जागी ३.५३ खपून जाते. ५.७ च्या जागी ५.३३ बसवली तर हाताला बसल्यासारखी वाटते, फ्लँज आवळला जातो, आणि तेल गरम झाल्यावर गळती सुरू होते. मिस्त्री मग फ्लँज अजून आवळतो आणि बोल्ट तोडतो. जपानी मापाची ओ-रिंग पेटी वेगळी ठेवा, ९० शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप). पंपाच्या दाबाच्या बाजूला मऊ ७० शोअरची रिंग घालू नका. या मशीनमध्ये मेन रिलीफ (जादा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह) दर चौरस सेंटिमीटरला ३२० ते ३५० किलोच्या दाबावर उघडतो. होज पाइपचंही तेच: मेन लाइनला चार थरांच्या स्पायरल तारेचाच पाइप घ्या. दोन जाळीचा पाइप स्वस्त पडतो आणि कमी दाबाच्या पायलट लाइनला ठीक आहे, पण बूमच्या लाइनला तो माणसाच्या अंगावर फुटू शकतो.

पिन-बुश आणि चेनबद्दल थोडक्यात. बुश नुसतं ठोकू नका. भोक अंडाकृती झालं असेल तर आधी वेल्डने भरून पोर्टेबल मशीनने लाइन बोअरिंग (समोरासमोरची भोकं एका रेषेत कातणं) करून घ्या. पिन ईएन१९ ची, इंडक्शन हार्ड केलेली. बुश ईएन३५३ चं, केस हार्ड. चेन, स्प्रॉकेट, रोलर यांना ‘बंद’ हा शब्द लागूच नाही. इटलीच्या बर्कोसारखे उत्पादक जुन्या मशीनच्या मापांचं अंडरकॅरेज अजून बनवतात, आणि स्वस्तातले पर्यायही आहेत. चार लिंकांचं अंतर पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत ताणून मोजा, त्याला चाराने भागा, म्हणजे पिच कळेल. नव्या चेनच्या पिचपेक्षा ती किती वाढली यावरून किती आयुष्य उरलं ते समजतं. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवू नका.

आता कुठे शोधायचं. बेअरिंग, सील, होजच्या जोडण्या यांसाठी मुंबईची नागदेवी स्ट्रीट. बेअरिंगवरचा नंबर पूर्ण असेल तर तिथे मशीनचं नावही काढायची गरज नाही. काढलंत तर भाव चढतो. पोकलेनच्या खास पार्टसाठी दिल्लीचं काश्मीरी गेट. पिनी, बुश आणि फोर्ज केलेल्या वस्तूंसाठी राजकोट. कास्टिंग करून घ्यायचं असेल, म्हणजे कव्हर, ब्रॅकेट, वॉटर पंपाचं घर, पुली, तर कोल्हापूरला या. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या आणि उद्यमनगरचे पॅटर्न बनवणारे जुन्या तुकड्यावरून नवा भाग करून देतात. त्यांना आकुंचनाची सूट ठेवायची सांगावी लागत नाही. पण व्हॉल्व्हचा ब्लॉक, पंपाचं केस, ब्लॉक-प्लेट हे स्थानिक कास्टिंगमध्ये कधीच करायचं नाही. तिथे धातूतली एक पोकळी म्हणजे आयुष्यभराची गळती.

आणि सर्वात जवळची जागा तुमच्याच डोळ्यांसमोर आहे. गोव्यात खाणी थांबल्या तेव्हा तुमच्या मामांचं एकटं मशीन उभं राहिलं नाही. डिचोली, साखळी, सांगे भागात त्याच पिढीची मशीनं शेडमागे, घरामागे उभी असतील. त्यातलं फ्रेम तुटलेलं, पण हायड्रॉलिक शाबूत असलेलं एखादं अख्खं विकत घ्या. भंगाराच्या भावाने घेतलेलं असं मशीन, ज्यातून कंट्रोलर, सेन्सर, वायरिंग, मोटरी, काच, दारं सगळं एका सीरियलच्या आसपासचं मिळतं, हे कुठल्याही दुकानापेक्षा मोलाचं आहे. सरकारी खात्यांची आणि मोठ्या प्रकल्पांची निकामी मशीनं एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतात, तिथेही लक्ष ठेवा. लिलावाआधी पाहणीचा दिवस असतो, तो चुकवू नका. फोटोवरून बोली लावू नका.

विक्रेत्याशी बोलताना फोनवर ‘ईएक्स२०० चं अमुक आहे का’ विचारलंत तर ‘आहे’ हेच उत्तर येईल. त्याऐवजी प्लेटचा फोटो, सीरियल नंबर, वस्तूचा पट्टीसह फोटो आणि तीन मापं पाठवा, आणि त्याच्याकडच्या वस्तूचे तसेच फोटो मागा. माप पाठवणाऱ्या विक्रेत्याशीच व्यवहार करा. पेटीवरचं नाव आणि होलोग्राम बघून पैसे देऊ नका, पेट्या छापून मिळतात.

कामाचा क्रम असा ठेवा: सांगाडा आणि स्विंग बेअरिंग, मग इंजिन, मग पंप-मोटरी, मग वायरिंग, मग सिलिंडर आणि पिन-बुश. रंग सगळ्यात शेवटी. चेनचा मोठा खर्च मशीन स्वतःच्या पायावर हलल्यानंतरच करा. काढलेला प्रत्येक होज आणि प्लग टॅग लावून ठेवा, उघड्या पोर्टांना प्लास्टिकची टोपी बसवा. चिंधी कोंबू नका, तिचा धागा पायलट व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

सुरू करण्याच्या दिवशी टाकी धुतलेली हवी, सक्शनची जाळी आणि सगळे फिल्टर नवे हवेत. पंपाच्या गिअर केसचं तेल विसरू नका, ते टाकीपासून वेगळं असतं. मग सर्वात महत्त्वाचं: पंपाचं आणि मोटरींचं केस वरच्या ड्रेन पोर्टमधून हायड्रॉलिक तेलाने हाताने गच्च भरा, हवा निघेपर्यंत थांबून परत भरा. कोरड्या केसने सुरू केलेला नवा पंप पहिल्याच मिनिटात बेअरिंग आणि प्लेट खातो. डिझेल बंद ठेवून सेल्फने थोडं-थोडं फिरवून इंजिनाला ऑइल प्रेशर आणा, मग सुरू करा. दहा मिनिटं कमी फेऱ्यांवर, लिव्हरला हात न लावता चालवा. नंतर एकेक सिलिंडर अर्ध्यापर्यंतच आत-बाहेर करा, टोकाला नेऊन दाबू नका, आत हवा असते आणि ती सील जाळते. पहिले २० तास फक्त मोकळी माती. ते झाल्यावर रिटर्न फिल्टर काढा, कापून त्याचा कागद उन्हात पसरा आणि काय दिसतं त्याचा फोटो मला पाठवा. रिलीफ वाढवायचा की नाही, ते त्या फोटोवरून सांगेन.